तिसऱ्या चाकाची तपासणी कोण करणार?

मोटारसायकलीचे मागचे चाक काढावयाचे, सांगाड्याला लोखंडी आधार वेल्ड करून दोन चाकांचा ॲक्सल बसवावयाचा आणि दगडमातीच्या वाटेवर ओझ्यासह चढेल अशी तीनचाकी उभी करावयाची, हे काम लालबाग-परळच्या एखाद्या गॅरेजमधील जाणत्या फिटरला अवघड नाही. त्यासाठी लागणारे सामान ऑपेरा हाउसच्या परिसरातील सुट्या भागांच्या दुकानांत नवे मिळते आणि चोर बाजारात जुने मिळते. लेथवर ॲक्सल कातून देणारा टर्नर आणि सांधा पक्का करणारा वेल्डर हेही याच टापूत आहेत. अवघड आहे ते त्यापुढचे. तयार झालेली गाडी घेऊन मालक ताडदेवच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात गेला, तर तिचे पासिंग करण्याची सोय कायद्यात नाही. गाडी चांगली बनली आहे की वाईट, हा प्रश्न तेथे उपस्थितच होत नाही. मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी ती जुळत नाही, एवढ्यावर विषय संपतो.

वरवर पाहता हा हौशी तरुणांचा खेळ वाटेल आणि काही अंशी तो तसा आहेही. परंतु अशी गाडी करून घेण्यामागे दर वेळी हौसच असते असे नाही. गिरगाव, दादर, परळ, लालबाग येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कितीतरी चाकरमानी कुटुंबांचे एक घर आजही रत्नागिरी-सिंधुदुर्गात आहे. घरापासून कलमांच्या बागेपर्यंतची जांभ्या दगडाची चढण अनेक ठिकाणी टेम्पोला अरुंद पडते आणि ओझे लादलेल्या मोटारसायकलीला धोक्याची ठरते. तेथे रुंद टायरांची, कमी वेगाची तीनचाकी ही चैनीची वस्तू राहत नाही. पायांतले बळ गेलेल्या माणसाला दोन चाकांवर तोल सावरता येत नाही. त्याच्या स्कूटरला बाजूची दोन चाके लागली म्हणजे त्याची नोकरी टिकते. हातगाडी ढकलून थकलेल्या फेरीवाल्याला जुन्या मोटारसायकलीच्या इंजिनाचा आधार हवासा वाटला, तर त्यातही नवल नाही. या तिघांच्या गरजा वेगळ्या आहेत. त्यांच्या गाड्यांपुढून रस्ता ओलांडणाऱ्या पादचाऱ्याची गरज आणखी वेगळी आहे. या सर्वांना न्याय देईल अशी व्यवस्था शक्य आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

तीनचाकीचे कूळ

कायदा आज जिला सन्मानाने तीनचाकी म्हणून ओळखतो, तिचे कूळ शोधू गेल्यास ती दुचाकीच्याच पोटी जन्मलेली दिसते. इटलीतील पियाजिओ कंपनीने १९४६ साली व्हेस्पा स्कूटर आणली आणि १९४८ साली तिच्याच पुढच्या अंगाला मागे दोन चाके व मालाचा हौदा जोडून ‘आपे’ ही गाडी बाजारात आणली. दोन्हींचा रचनाकार एकच, कोर्राडिनो द’अस्कानिओ. माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा बंद व्हावी या तळमळीने स्वातंत्र्यचळवळीतील कार्यकर्ते नवलमल फिरोदिया यांनी या मालवाहू गाडीवर प्रवासी बसवण्याची कल्पना उचलून धरली आणि तीतून भारतीय ऑटोरिक्षा उभी राहिली. १९५९ साली बजाज कंपनीला दुचाकी व तीनचाकी वाहने बनवण्याचा परवाना मिळाला. त्याआधी वर्षभर, १९५८ साली, स्थापन झालेल्या बजाज टेम्पो कंपनीच्या जर्मन बनावटीच्या तीनचाकीने तर मराठीला ‘टेम्पो’ हा शब्दच देऊन टाकला.

कारखान्याच्या भिंतीबाहेरही हेच घडत होते. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने मोडीत काढलेल्या हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलींच्या मागे बैठक जोडून दिल्लीतील कारागिरांनी ‘फटफटी’ तयार केली. कॅनॉट प्लेस ते चांदनी चौक या मार्गावर ती १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत प्रवासी वाहत होती. सौराष्ट्रात जुन्या एनफील्डचे पुढचे अंग, डिझेल इंजिन आणि मागे उघडा हौदा यांतून ‘छकडा’ जन्मला. खाचखळग्यांतून माणसे, धान्य आणि गुरांचा चारा वाहणाऱ्या या गाडीच्या पायावर राजकोटच्या अतुल ऑटो या कंपनीचा उद्योग उभा राहिला. गॅरेजात वेल्ड केलेली गाडी पुढे कारखान्याची प्रतिष्ठा मिळवू शकते, याला यापेक्षा वेगळा पुरावा नको.

मुंबई बेटाचा प्रकार मोठा विलक्षण आहे. ऑटोरिक्षाला माहीम आणि शीव ओलांडून दक्षिणेस येण्यास आजही मज्जाव आहे. तीनचाकीला वेशीवरून परत पाठवणाऱ्या याच शहराच्या पोटात ती घडवण्याचे कसब मात्र दाटीवाटीने साठले आहे. त्याचे श्रेय बरेचसे गिरण्यांना द्यावे लागेल. कापड गिरणीचे साचे आणि चात्या चालू ठेवण्यासाठी गिरणीच्या आवारातच फिटर, टर्नर, लोहार यांचे वर्कशॉप असे. बाहेरून सुटा भाग येण्याची वाट पाहण्यापेक्षा तो घडवून बसवणे हीच तेथील रीत होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांची धुरांडी एकामागून एक थंडावली आणि त्यांतील अनेक कारागिरांनी लहानसहान वर्कशॉपांचा आसरा घेतला. हातातले कसब गेले नाही. त्या कसबाची हमी देणारी संस्था मात्र गेली.

कायद्याचा प्रवास

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या ५२ व्या कलमात मुळात अशी सोय होती की, मालकाने नोंदणी अधिकाऱ्यास कळवावे, त्याची मान्यता घ्यावी आणि मग गाडीत बदल करावा. २००० सालच्या दुरुस्तीने हे दार जवळजवळ लावून घेतले. नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकास करता येणार नाही, असे ठरले. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळातील एका प्रकरणात याच अर्थावर शिक्कामोर्तब केले. रंग बदलण्यासारखी किरकोळ गोष्ट चालेल, पण गाडीच्या मूळ बांधणीला हात लावता येणार नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्ती कायद्याने नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली.

‘गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणणारच नाही, गावाकडे बागेच्या वाटेवर चालवीन,’ असे म्हणून मालकाची सुटका होत नाही. नोंदणीविना वाहन चालवण्यास मनाई करणारे ३९ वे कलम सार्वजनिक जागेपुरते थांबत नाही. ‘अन्य कोणत्याही जागी’ असे शब्द त्यात आहेत. केवळ कारखान्याच्या किंवा बंदिस्त आवारातच वापरण्यासाठी बनवलेले विशेष वाहन तेवढे व्याख्येतून वगळले आहे. कुंपण नसलेल्या कातळावरून आणि गावाच्या पाणंदीतून जाणारी गाडी या सवलतीत बसवणे कठीण आहे.

मात्र २०१९ च्या दुरुस्तीत दोन झरोकेही आहेत. दिव्यांग व्यक्तीच्या वापरासाठी गाडीत बदल करून नोंदणी अधिकाऱ्याची मान्यता घेण्याची तरतूद तीत आहे. अशा गाडीला कायद्याने ‘अनुकूलित वाहन’ मानले आहे. शिवाय वाहनांतील बदलांसाठी तांत्रिक निकष आणि मान्यतेच्या अटी ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे दिला आहे. म्हणजे बदल हा स्वभावतःच गुन्हा आहे अशी कायद्याची भूमिका नाही. निकष ठरवून बदलाला वाट देता येते, हे कायद्यालाच मान्य आहे. ही वाट कोठपर्यंत न्यावयाची, एवढाच मुद्दा उरतो.

तिसऱ्या चाकाचा धोका

कायद्याने कडक भूमिका का घेतली, हे समजून घेतल्याशिवाय त्यावर टीका करणे अन्यायाचे होईल. मोटारसायकल वळताना आतल्या बाजूला झुकते. या झुकण्यामुळे वळणाचा बाहेर फेकणारा जोर आणि गाडीचे वजन यांचा एकत्रित भार चाकाच्या रेषेतूनच जमिनीत उतरतो. पुढचा फोर्क, हँडलची मान आणि चाकाच्या तारा यांवर आडवा ताण फारसा येत नाही. मागे दोन चाके लावली की गाडीचे झुकणे संपते. मग तोच जोर आडवा होऊन, ज्या भागांची घडण त्यासाठी झालेलीच नाही त्यांवर येतो. हँडलच्या मानेजवळचा सांधा अशा वेळी हळूहळू चिरत जातो, आणि ती चीर रंगाखाली दिसत नाही.

दुसरी अडचण ॲक्सलची. वळणावर आतल्या चाकाला कमी आणि बाहेरच्या चाकाला अधिक अंतर कापावे लागते. रिक्षात यासाठी डिफरन्शियल असते. मोटारसायकलीच्या चेनने फिरणाऱ्या अखंड ॲक्सलला ही मुभा नसते. मग गाडी वळण्याऐवजी सरळ रेटत जाते आणि चालकाने जबरदस्तीने हँडल वळवले तर उलटते. तिसरी अडचण ब्रेकची. दोन मागच्या चाकांना मोटारसायकलीचा एकच ब्रेक पुरत नाही आणि ओझे मागे असल्याने पुढच्या चाकाच्या ब्रेकवर विसंबता येत नाही. चौथी इंजिनाची. मोटारसायकलीचे इंजिन धावत्या वाऱ्याने थंड राहते. चढणीवर ओझे घेऊन रांगणाऱ्या गाडीला तो वारा मिळत नाही, म्हणूनच रिक्षाच्या इंजिनाला स्वतंत्र पंखा असतो. तीन चाके जमिनीवर जो त्रिकोण आखतात, त्याच्या आत गाडीचा भारमध्य राहिला तरच ती उभी राहते. आडव्या उतारावर तो त्रिकोणाबाहेर जाण्यास वेळ लागत नाही.

ही केवळ पुस्तकी भीती नव्हे. अमेरिकेत होंडा कंपनीने १९७० साली रानावनात चालणारी तीनचाकी आणली. ती अतिशय लोकप्रिय झाली आणि तितकीच घातकही ठरली. उलटून झालेल्या अपघातांत मुलांचाही बळी गेला. शेवटी १९८८ सालच्या न्यायालयीन तडजोडीनुसार उत्पादकांना अशा नव्या तीनचाकींची विक्री थांबवावी लागली आणि चार चाकांच्या गाड्यांनी त्यांची जागा घेतली. नामांकित कारखान्याच्या हातून जे सुटले, ते गल्लीतील गॅरेजात आपोआप सांभाळले जाईल असे मानणे भाबडेपणाचे आहे.

बंदीचा हिशेब

पण बंदीने धोका टळतो काय? अनुभव तसा नाही. उत्तर भारतातील ‘जुगाड’ गाड्यांविषयी राजस्थान राज्य परिवहन महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली स्पष्ट सांगितले की, जुगाड हेही मोटार वाहनच आहे आणि कायद्याच्या अटी पाळल्याशिवाय ते रस्त्यावर येता कामा नये. त्यानंतरही अशा गाड्या दिसतच राहिल्या. एप्रिल २०२२ मध्ये पंजाबात मोटारसायकलीला जोडलेल्या रेहड्यांवर बंदीचा आदेश निघाला आणि रेहडीवर पोट असलेल्यांचा रोष पाहून सरकारला काही दिवसांतच माघार घ्यावी लागली. आदेश निघाला तेव्हा रेहड्या सुरक्षित झाल्या नाहीत, आणि मागे घेतला तेव्हाही झाल्या नाहीत. प्रश्न जेथे होता तेथेच राहिला.

या अवस्थेत सर्वांत अधिक नुकसान होते ते तिऱ्हाइताचे. नोंदणी नाही म्हणून गाडीला विमा नाही. विमा नाही म्हणून अपघातात सापडलेल्या पादचाऱ्याला भरपाई द्यावयाची ती गाडीच्या मालकाने. ज्याने पैसे नाहीत म्हणून जुनी मोटारसायकल तोडून गाडी बनवली, तो भरपाई कोठून देणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? कायद्याने गाडीकडे पाठ फिरवली की गाडी नाहीशी होत नाही; ती ज्याला धडक देते त्याचा हक्क मात्र हवेत विरतो.

दुसरे नुकसान कसबाचे आहे. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तेथील लोहारकाम करणाऱ्या एका कारागिराने भंगारातून, मोटारसायकलीप्रमाणे किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये तिचे चित्रण देशभर गाजले. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी त्या कल्पकतेचे कौतुक केले. ती नियमांत बसत नाही आणि अधिकारी ती केव्हातरी थांबवतील, हेही त्यांनी त्याच वेळी सांगितले. जानेवारी २०२२ मध्ये त्या कुटुंबाला बदल्यात बोलेरो गाडी मिळाली. उद्योगपतीच्या औदार्याविषयी दुमत नाही. पण कारागिराला शेवटी मिळाली ती भेट. त्याची गाडी कोठे चुकते, काय सुधारले तर ती चालू शकेल, हे सांगणारा कागद त्याला कोणत्याही शासकीय खिडकीवर मिळाला नसता, कारण तशी खिडकीच नाही. उलट २०२४ साली हिरो उद्योगसमूहातील सर्ज या संस्थेने तीनचाकीतून दुचाकी वेगळी निघणारी गाडी प्रदर्शित केली, तेव्हा तिचे स्वागत झाले. कंपनीची कल्पना ती नवनिर्मिती आणि कारागिराची ती जुगाड, ही विभागणी तंत्रशास्त्राने केलेली नाही.

शिवाय एकाच कलमाच्या दोरीने सर्वांना बांधल्यामुळे रोग रेड्याला आणि औषध पखालीला असा प्रकार होतो. कर्कश सायलेन्सर लावून मध्यरात्री गल्ल्या हादरवणाऱ्यांवर कारवाई झालीच पाहिजे. पण त्याचा सायलेन्सर आणि बागेतून पेट्या आणणाऱ्याचे तिसरे चाक यांत फरक करण्याचे साधन अधिकाऱ्याच्या हाती नसेल, तर कायद्याचा धाक उरतो आणि विवेक हरवतो.

एकेका गाडीची परीक्षा

यावर उपाय अपूर्व नाही. ब्रिटनमध्ये हौशी माणसाने घरी बांधलेल्या किंवा मुळापासून बदललेल्या दुचाकी-तीनचाकीसाठी एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी करून मान्यता देण्याची योजना आहे. जर्मनीतही परवाना नियमांच्या २१ व्या कलमानुसार मान्यताप्राप्त अभियंता एकट्या गाडीची परीक्षा करून अहवाल देतो आणि त्यावर नोंदणी होते. या दोन्ही देशांना कोणी बेशिस्त म्हणणार नाही. तेथे गाडी कोणी बांधली यापेक्षा ती कशी बांधली याला महत्त्व आहे.

भारतातील व्यवस्था मुख्यतः कारखान्याच्या सोयीने आखली गेली. उत्पादकाने नव्या गाडीचा एक नमुना चाचणी संस्थेकडे न्यावयाचा आणि तो उतरला की त्याच्या हजारो प्रती विकावयाच्या. एकच गाडी बनवणाऱ्याला हा खर्च झेपत नाही. पण चाचणीचे ज्ञान या राज्यात कमी नाही. वाहनचाचणीचा अधिकार असलेल्या संस्थांपैकी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन आणि केंद्रीय मार्ग परिवहन संस्था या दोन पुण्यात आहेत, तर संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था अहिल्यानगरला आहे. १८८७ साली भायखळ्यात सुरू होऊन १९२३ साली माटुंग्यास गेलेली, आज वीरमाता जिजाबाईंचे नाव धारण करणारी तंत्रशिक्षण संस्था दादरपासून हाकेच्या अंतरावर आहे. या संस्थांनी मिळून तीनचाकी रूपांतराचे दोन-तीन प्रमाणित आराखडे सिद्ध करावेत: कोणत्या वजनाच्या मोटारसायकलीला किती रुंदीचा ॲक्सल, सांगाड्याला आधार कोठे, ब्रेक कोणते, ओझे किती. आराखड्यानुसार काम करणाऱ्या गॅरेजांची नोंद व्हावी आणि वेल्डरची परीक्षा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत व्हावी. गाडी तयार झाल्यावर तिला तिरप्या फळीवर उभी करून ती कोणत्या कोनात कलंडते हे पाहावे, ओझ्यासह ब्रेक तपासावा, आणि मगच तिला वेगमर्यादा, भारमर्यादा व वापराचा प्रदेश नमूद केलेले नोंदणीपत्र आणि विमा मिळावा. भाड्याने प्रवासी नेण्यास अशा गाडीला मनाई असावी. दरवर्षी सांध्यांची पुन्हा तपासणी व्हावी.

या सुधारणेचा आरंभ दिव्यांगांच्या गाड्यांपासून करणे सर्वांत योग्य. त्यांच्यासाठी कायद्याचे दार उघडेच आहे. पण बाजूची चाके बसवण्याचे काम गॅरेजागणिक वेगळे होत असेल, तर मान्यतेचा शिक्का त्यांना पडण्यापासून वाचवणार नाही. हाजीअलीजवळ १९५५ पासून केंद्र सरकारची पुनर्वसन वैद्यक संस्था काम करीत आहे. शरीराच्या मर्यादा जाणणारे तेथील तज्ज्ञ आणि लोखंडाच्या मर्यादा जाणणारे परळचे फिटर एका टेबलाशी बसले, तर पहिला आराखडा तयार होण्यास फार काळ लागू नये.

या सूचनेवर आक्षेप येतील. तपासणीची नवी खिडकी म्हणजे लाचेची नवी खिडकी, असे कोणी म्हणेल. ही भीती निराधार नाही. म्हणूनच परीक्षा मोजता येणाऱ्या गोष्टींची हवी. गाडी किती अंशांवर कलंडली, किती मीटरांत थांबली, याला आकडा असतो आणि तो आकडा मालकाला, पोलिसाला, विमा कंपनीला वाचता येतो. मुंबईसारख्या कोंदटलेल्या शहरात आणखी गाड्या कशाला, असाही प्रश्न येईल. त्याचे उत्तर नोंदणीपत्रावरच लिहिता येईल: गावच्या वाटेसाठी बांधलेली गाडी शहराच्या रस्त्यावर आणता येणार नाही. आणि ज्या गाड्या परीक्षेत उतरणार नाहीत त्यांना निःसंकोच बाद करावे. कसबाचा आदर म्हणजे सदोष कामाला सूट नव्हे. गिरणीच्या वर्कशॉपातही फिटरने घडवलेला भाग मापात बसला तरच साच्यावर चढत असे.

आज लालबागच्या फिटरला आपले काम बरोबर आहे की चूक हे अपघात झाल्यावरच कळते, आणि रस्त्यावरच्या माणसाला ते त्याच्याही नंतर कळते. बदलांसाठी निकष ठरवण्याचा अधिकार २०१९ च्या कायद्याने केंद्राला दिला आहे. चाचणीच्या संस्था पुण्यात आहेत. हात परळात आहेत. या तिन्हींची गाठ घालून देण्याचे काम राज्याच्या परिवहन खात्याने अंगावर घ्यावे आणि केंद्राकडे त्याचा पाठपुरावा करावा. त्यासाठी नवा कारखाना लागत नाही. तिरपी फळी, वजनकाटा आणि खाली सही करण्याची तयारी असलेला अधिकारी, एवढ्यावर आरंभ करता येईल.